पहिला मोठा ल्यूर कोणता घ्यावा? बास मासेमारीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठा ल्यूर नेमका कशाला म्हणायचं?

ल्यूर म्हणजे माशाला भुलवायचं नकली आमिष, आणि बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. बोलताना सगळे इंचात बोलतात: सहा इंची, आठ इंची, दहा इंची. पण लांबी फसवी असते. दहा इंची प्लास्टिकची अळी नेहमीच्या रॉडवर (गळाच्या काठीवर) आरामात फेकता येते, तिला कोणी मोठा ल्यूर म्हणत नाही. खरी रेषा वजनाची आहे. बाससाठीचे बहुतेक सर्वसाधारण रॉड एक औंसाच्या, म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास दमतात. दीड औंस (सुमारे ४२ ग्रॅम) ओलांडलं की रॉड, रील (लाइन गुंडाळायचं चाक), लाइन (गळाचा दोरा) आणि फेकण्याची पद्धत या चारही गोष्टी बदलाव्या लागतात. म्हणून ल्यूर निवडताना पाकिटावर आधी वजन वाचा, लांबी नंतर.

फार खोलात नको, एकच नाव सुचवायचं तर?

साडेसहा ते सात इंच लांब, दीड ते दोन औंस वजनाचा, हळू बुडणारा, एकाच सांध्याचा कडक ग्लाइड बेट. रिव्हर टू सीचा एस-वेव्हर १६८ किंवा गॅन क्राफ्टचा जॉइंटेड क्लॉ १७८ हे या गटातले सर्वांना माहीत असलेले ल्यूर. दोन्हींच्या नावातला आकडा ही मिलिमीटरमधली लांबी आहे. याच मापात इतरही पुष्कळ मिळतात.

अपवाद एकच. तुमचं पाणी पाणवनस्पतींनी, बुडालेल्या फांद्यांनी भरलेलं असेल तर पोटाखाली दोन ट्रेबल (तीन टोकांचे) हुक लटकवणारा ग्लाइड बेट दर फेकीला कचरा घेऊन येईल. तिथे पाच-सहा इंचांचा मऊ स्विमबेट घ्या. त्यात हुकचं टोक पाठीवर येतं आणि पोट मोकळं राहतं.

सहाऐवजी सरळ आठ इंची घेतला तर? दोनच इंचांचा तर फरक.

आकार तोच ठेवून लांबी वाढवली की वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. सहा इंची ल्यूर ४२ ग्रॅमचा असेल तर त्याच ठेवणीचा आठ इंची सुमारे १०० ग्रॅमचा होतो आणि दहा इंची १९० ग्रॅमच्या पुढे जातो. म्हणजे दोन इंचांत वजन दुपटीहून अधिक. सहा इंची चालवणारा रॉड आठ इंची फेकताना मोडू शकतो, आणि आठ इंचीसाठी घेतलेला रॉड सहा इंचीला वाकतच नाही, त्यामुळे तो लांब जात नाही.

दुसरं कारण हाताचं आहे. १०० ग्रॅमचा ल्यूर दिवसभर फेकल्यावर मनगट आणि खांदा बोलायला लागतात. नवखा माणूस दुपारी दमून पेटीतला छोटा ल्यूर काढतो आणि मोठा पुन्हा बाहेर येत नाही. सुरुवात अशा वजनापासून करावी की संध्याकाळपर्यंत तोच बांधलेला राहील.

घरातला रॉड चालेल का?

रॉडच्या मुठीच्या वर छापलेली ल्यूरच्या वजनाची मर्यादा वाचा. तिथे ‘१/४ ते १ औंस’ असं असेल तर उत्तर नाही असं आहे. ‘१/२ ते २ औंस’ असेल तर दीड औंसापर्यंत निभेल. कमाल आकड्याच्या थोडं खाली राहणं शहाणपणाचं, कारण तो आकडा संथ, सारख्या जोराच्या फेकीसाठी असतो. झटका दिला तर रॉडवर येणारा भार ल्यूरच्या वजनाच्या कितीतरी पट होतो.

ल्यूर हुक आणि रिंगांसकट स्वयंपाकघरातल्या तराजूवर ठेवून बघा. पाकिटावरचं वजन आणि प्रत्यक्षातलं वजन बरेचदा जुळत नाही, शिवाय तुम्ही हुक बदलले की ते पुन्हा बदलतं.

नवा रॉड घ्यायचाच असेल तर साडेसात ते आठ फूट लांब, हेवी ताकदीचा, तीन ते चार औंसांपर्यंतचा घ्या. हेवी म्हणजे काठीसारखा ताठ नव्हे. वरचा एक तृतीयांश भाग सहज वाकायला हवा. ट्रेबल हुकची पकड उथळ असते, अतिताठ रॉडवर मासा डोकं झटकतो तेव्हा हुक मांस फाडून निघतो. मूठ लांब हवी, कारण फेक दोन्ही हातांनी करायची असते.

रील आणि लाइन?

बेटकास्टिंग रील (जिच्या फिरत्या स्पूलवर, म्हणजे लाइनच्या रिळावर, अंगठा ठेवता येतो), २०० ते ३०० मापाची. लहान रीलमध्ये जाड लाइन पुरेशी मावत नाही आणि लांब फेकीनंतर स्पूल जवळजवळ रिकामा होतो, त्यामुळे हँडलच्या दर फेऱ्याला लाइन कमी येते. गिअरचं प्रमाण ६:१ ते ७:१ ठेवा. त्याहून वेगवान रील घेतली तर संथ ओढायचं ठरवूनही हात वेगच देतो.

लाइन दोन औंसांपर्यंतच्या ल्यूरला १५ ते २० पौंड ताकदीची, त्यापुढे २० ते २५ पौंडांची. फ्लुरोकार्बन या प्रकारची लाइन बुडते, त्यामुळे ल्यूर किंचित खोल चालतो. मोनोफिलामेंट (साधी नायलॉनची लाइन) जास्त ताणलं जातं आणि पृष्ठभागाजवळ राहतं, म्हणून वर चालणाऱ्या ल्यूरला ते बरं. ब्रेडेड (विणलेली) लाइन वापरायची तर ५० ते ६५ पौंडांची. मासे पकडायला बारीक ब्रेडही पुरेल, पण फेकताना अंगठा सुटला किंवा स्पूल अडकला तर बारीक ब्रेड तिथल्या तिथे तुटते आणि ल्यूर एकटाच पलीकडच्या काठाकडे निघतो. ब्रेड ताणली जात नाही, तेव्हा ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन किती ताणावर सुटू द्यायची ते ठरवणारी रीलवरची सोय) जरा सैल ठेवा.

ड्रॅग किती? ट्रेबल हुकच्या ल्यूरला लाइनच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा. २० पौंडी लाइन असेल तर पाच-सहा पौंड. पूर्ण आवळलेला ड्रॅग हे मासा सुटण्याचं सर्वांत साधं कारण आहे.

दुकानात इतके प्रकार दिसतात. त्यांच्यात फरक काय?

ग्लाइड बेटला मधोमध एक सांधा असतो. तो स्वतःहून थरथरत नाही, डावीकडे-उजवीकडे रुंद वळणं घेत सरकतो. पाणी स्वच्छ असेल तर लांबवरच्या माशाला उठवून आणण्यात त्याच्या तोडीचा दुसरा नाही. मात्र चालवणाऱ्याच्या हातावर तो फार अवलंबून असतो, आणि शिकण्यासाठी तो सुचवण्याचं कारणही तेच.

मऊ स्विमबेट म्हणजे पॅडलसारखी किंवा पाचरीसारखी शेपूट असलेला प्लास्टिकचा मासा. फेका, बुडू द्या, सारख्या वेगाने गुंडाळा. यातल्या ‘लाइन-थ्रू’ प्रकारात लाइन ल्यूरच्या अंगातून आरपार जाऊन हुकला बांधलेली असते. मासा लागला की ल्यूर लाइनवर वर सरकतो आणि हुक तोंडात एकटा उरतो, त्यामुळे ल्यूरच्या वजनाचा फायदा घेऊन माशाला हुक झटकता येत नाही. किंमत एवढीच की लाइन जिथून बाहेर पडते तिथे ती घासते. दर तासाला शेवटचा फूटभर भाग बोटांतून फिरवून पाहा.

तीन-चार सांध्यांचा कडक ल्यूर सापासारखा पोहतो. सरळ ओढला तरी छान दिसतो, पण त्याचा डौल माणसाला जितका मोहवतो तितका माशाला मोहवतोच असं नाही.

वेक बेट पृष्ठभागावर किंवा वितभर खाली चालतो आणि मागे व्ही आकाराची लाट सोडतो. संधिप्रकाशात, रात्री आणि मंद वाऱ्यात उत्तम. पहिला म्हणून घेऊ नका, दुसरा म्हणून जरूर घ्या.

तरंगणारा, हळू बुडणारा, वेगाने बुडणारा. यातला कोणता?

हळू बुडणारा. सेकंदाला साधारण अर्धा फूट जाणारा असेल तर तो दोन फुटांवरही चालवता येतो आणि थोडा धीर धरला तर आठ फुटांवरही. वेगाने बुडणारा उथळ पाण्यात तळ खरवडतो, तरंगणारा खाली जात नाही.

हडलस्टन डिलक्स या ट्राउट माशासारख्या मऊ ल्यूरवर आरओएफ (रेट ऑफ फॉल, बुडण्याचा वेग) ५, आरओएफ १२ असे आकडे असतात. दहा सेकंदांत ल्यूर किती फूट बुडतो ते हा आकडा सांगतो. इतर बहुतेक कंपन्या नुसतं ‘स्लो सिंक’ लिहून मोकळ्या होतात, तेव्हा स्वतः मोजा: काठाशी मीटरभर पाण्यात ल्यूर सोडा आणि तळाला टेकेपर्यंत सेकंद मोजा. तो आडवा राहून बुडतो की नाक खाली करून, तेही बघा. आडवा बुडणारा चांगला.

थंड पाणी अधिक घन असतं. उन्हाळ्यात हळू बुडणारा ल्यूर हिवाळ्यात जागीच तरंगत राहिला तर तो बिघडलेला नाही. पोटाला, पुढच्या हुकच्या जवळ, शिशाची चिकटपट्टी लावा. अर्ध्या ग्रॅमनेही फरक पडतो, म्हणून थोडी थोडी लावून तपासत जा.

मोठ्या ल्यूरला मोठेच मासे लागतात ना?

सरासरी आकार वाढतो हे खरं. पण फूटभर लांबीचा बास सात इंची ल्यूरवर तुटून पडतो, असंही सर्रास घडतं. आणि नोंदलेले सर्वांत मोठे बास पाहिले तर गंमत वाटेल. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकमध्ये पकडलेला २२ पौंड ४ औंसांचा बास त्या काळच्या नेहमीच्या मापाच्या ल्यूरवर लागला होता. मानाबू कुरिता यांनी २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी केली ती जिवंत ब्लूगिल या लहान माशावर. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिक्सन लेकमध्ये मॅक वीकली यांच्या हाती आलेला २५ पौंड १ औंसाचा मासा पांढऱ्या जिगवर (शिशाचं डोकं असलेल्या हुकवर) आला, पण हुक तोंडाबाहेर लागलेला असल्याने त्याची विक्रमासाठी नोंदच झाली नाही.

मोठ्या ल्यूरची संस्कृती कॅलिफोर्नियात फोफावली, कारण तिथल्या तलावांत ट्राउट सोडले जात आणि बास ते खाऊन वाढत. तुमच्या पाण्यात मोठं भक्ष्य असेल तर मोठा ल्यूर पटतो. तिथले बास तीन इंची माशांवर जगत असतील तर दहा इंची ट्राउटचा हट्ट धरू नका.

फेकायचा कसा? पहिल्याच दिवशी गुंता झाला.

रॉडच्या टोकापासून ल्यूर दीड ते दोन फूट खाली लोंबू द्या. टोकाला चिकटलेला जड ल्यूर फेकणं हा रॉड मोडण्याचा खात्रीचा मार्ग. मागे नेताना घाई नको, ल्यूरचं वजन मागे गेल्याचं हाताला जाणवलं की पाळण्याला झोका द्यावा तसा सलग पुढे आणा. मनगटाचा झटका नाही. खालचा हात मूठ पोटाकडे ओढतो, वरचा हात दिशा देतो.

फेकताना स्पूलचा वेग रोखणारा रीलचा ब्रेक सुरुवातीला निम्म्यावर ठेवा. ल्यूर पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठा स्पूलवर हवा, गुंता बहुतेक वेळा तिथेच होतो. टेकण्याच्या जरा आधी अंगठ्याने वेग मारला तर ल्यूर धप्पकन पडत नाही, अलगद उतरतो. उथळ स्वच्छ पाण्यात हे फार महत्त्वाचं.

फेकण्यापूर्वी मागे बघा. दोन औंसांचा, सहा टोकांचा ल्यूर माणसाला लागला तर जखम गंभीर होते. चष्मा घाला. ध्रुवीकृत काचांचा असेल तर पाण्यातला पाठलागही दिसतो.

गाठ कोणती? थेट बांधू की स्नॅप लावू?

ग्लाइड बेटला मजबूत स्नॅप (उघडता येणारी तारेची कडी) किंवा पुढच्या डोळ्यात (नाकावरच्या कडीत) स्प्लिट रिंग (दुहेरी वेढ्याची कडी) हवीच. गाठ थेट डोळ्यावर आवळली तर नाकाची हालचाल बांधली जाते आणि वळण अरुंद होतं. पालोमार गाठ भक्कम, पण तिच्यात अख्खा ल्यूर फासातून काढावा लागतो. म्हणून ती आधी नुसत्या स्नॅपवर बांधा, मग ल्यूर अडकवा. जाड फ्लुरोकार्बन कोरडं आवळलं तर उष्णतेने कमकुवत होतं, गाठ ओली करून सावकाश बसवा. दोन-तीन तासांनी किंवा प्रत्येक मोठ्या माशानंतर पुन्हा बांधा.

ग्लाइड बेट घेतला, पण तो लाकडासारखा सरळ येतो. काय चुकतंय?

जवळजवळ नेहमी लाइन ताणलेली असते. ग्लाइड बेट वळतो तो धक्का दिल्यानंतरच्या ढिलाईत. हँडलला पटकन अर्धा फेरा द्या आणि थांबा. ल्यूर एका बाजूला सरकेल. सरकणं संपत आलं की पुन्हा अर्धा फेरा, तो दुसऱ्या बाजूला जाईल. रॉडचं टोक पाण्याकडे खाली आणि ल्यूरच्या दिशेला. दोन धक्क्यांच्या मधे लाइनमध्ये थोडा झोळ दिसला पाहिजे. झोळ नसेल तर ल्यूर मोकळा नाही.

धक्का फार जोराचा दिला तर ल्यूर कुशीवर लोळतो. काही ल्यूर नुसत्या संथ, सलग गुंडाळण्यावरही एस आकारात येतात, आणि माशांचा उत्साह कमी असेल तेव्हा तेच बरं.

मासे विसरून आधी वीस मिनिटं स्वच्छ उथळ पाण्यात, पायाशी ल्यूर दिसेल असा चालवा. किती जोराला तो किती सरकतो, कधी अर्धवर्तुळ फिरून मागे तोंड करतो, हे डोळ्यांनी पाहिलं की लांबवर न दिसतानाही हात ते करतो.

मासा मागे मागे येतो आणि काठाशी येऊन परत जातो.

या ल्यूरबरोबर हे चालायचंच. दहा जण मागे येतात आणि एक चावतो, अशी तयारी ठेवा. तरी प्रमाण सुधारता येतं.

मासा मागे दिसला की ल्यूर थांबवायचा मोह होतो. थांबवू नका. थांबलेला ल्यूर त्याला नीट बघायला मिळतो, आणि नीट बघितलेलं प्लास्टिक तो खात नाही. उलट दोन झटपट अर्धे फेरे द्या म्हणजे ल्यूर गर्रकन वळून माशाच्या समोर येईल. भक्ष्य कोंडीत सापडून उलटं वळतं तसं ते दिसतं आणि चावा बहुधा त्याच क्षणी येतो. तेवढ्यानेही नाही घेतला तर वेग वाढवून पळवा.

हे सगळं काठापासून किंवा होडीपासून दहा-पंधरा फुटांवर असतानाच करायला हवं. माशाला तुम्ही दिसलात की उपयोग नाही. म्हणून फेक लांब हवी, पाण्यावर तुमची सावली नको आणि चष्म्यातून नजर ल्यूरच्या मागच्या पाण्यावर हवी, ल्यूरवर नव्हे.

परत गेलेल्या माशावर तोच ल्यूर लगेच चार वेळा फेकणं व्यर्थ. जागा लक्षात ठेवा, तासाभराने प्रकाश बदलल्यावर वेगळ्या कोनातून या. किंवा दुसऱ्या रॉडवर बिनवजनाची मऊ अळी तयार ठेवा आणि तो वळला त्या ठिकाणी टाका.

कधी आणि कुठे?

विणीपूर्वी पाणी १० ते १६ अंश सेल्सिअस असताना, आणि शरद ऋतूत पाणी निवत जाताना. जागा म्हणजे उथळ भाग संपून खोली सुरू होते ती कड, जमिनीची पाण्यात घुसलेली टोकं, धक्क्यांच्या सावल्या, एकटं बुडालेलं झाड. पाणी किमान मीटरभर खोल दिसत असेल तर ग्लाइड बेट. त्याहून गढूळ असेल तर पाणी हलवणारा पॅडल-शेपटीचा किंवा वेक बेट. आरशासारख्या स्थिर पाण्यापेक्षा थोडी लहर उठलेलं पाणी बरं.

रंग?

यावर लोक घालवतात तितका वेळ घालवू नका. स्वच्छ पाण्यात तिथल्या भक्ष्याच्या जवळचा फिकट नैसर्गिक रंग, गढूळ पाण्यात हाडासारखा पांढरा, रात्री काळा. एकच घ्यायचा तर पाठ गडद आणि पोट पांढरं असलेला.

मासा लागतो आणि सुटतो. मोठे हुक लावू?

आधी असलेल्यांची धार बघा. टोक नखावर हलकं टेकवून सरकवा. घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. बास बरेचदा भक्ष्याच्या डोक्याकडून घेतो, त्यामुळे पुढचा ट्रेबल आधी बदला.

एक माप मोठा हुक चालतो, पण वजन वाढतं आणि बुडण्याचा वेग बदलतो. दोन्ही हुक एकमेकांत अडकत नाहीत ना, तेही पाहा. चावा आला की वर झटका न देता रॉड बाजूला सलग खेचा आणि गुंडाळणं चालू ठेवा. एकाच मोठ्या हुकच्या मऊ ल्यूरला मात्र जोर लावा, तिथे जाड हुक जबड्यात घुसवायचा असतो.

मासा जवळ आल्यावर खालचा ओठ बोटांनी धरू नका. मोकळा लटकणारा दुसरा ट्रेबल तुमच्या हातात जाईल आणि दुसऱ्या टोकाला मासा झटके देत असेल. रबराचा लेप असलेली खोल जाळी, लांब पक्कड आणि हुक कापता येईल असा कटर, हे तिन्ही ल्यूरबरोबरच घ्या. मोठा मासा नुसत्या जबड्याला उभा लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली हवा.

ल्यूर ठेवायचा कसा?

मऊ आणि कडक ल्यूर एकाच डब्यात कधीही नाही. मऊ प्लास्टिकमधली रसायनं कडक ल्यूरचा रंग आणि अंग वितळवतात. मऊ ल्यूर ज्या साच्याच्या पाकिटात आला त्यातच, शेपूट सरळ ठेवून ठेवा. शेपूट वाकली तर गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात बुडवा. शेपूट वाकडी असताना ल्यूर एका कुशीवर पोहतो आणि दोष वजनाचा वाटतो.

कडक ल्यूर वापरल्यावर पुसून, उघड्यावर वाळवून मगच डब्यात. सांध्याची पिन आणि हुकचे स्क्रू-डोळे अधूनमधून हलवून बघा. डोळा सैल फिरत असेल तर काढून इपॉक्सी लावून पुन्हा बसवा, पूर्ण वाळायला रात्रभर द्या. बंद गाडीत, उन्हात दोन्ही प्रकार बिघडतात.

तळाला अडकला तर सोडून द्यायचा का?

इतक्यात नाही. रॉडने खेचू नका, हुक अधिक रुतेल आणि रॉडही जाईल. लाइन ढिली सोडा, विरुद्ध बाजूला जा आणि रॉडचं टोक हलकेच हलवा. जड ल्यूर स्वतःच्या वजनाने अनेकदा मागे पडून सुटतो. तेवढ्याने नाही झालं तर प्लग नॉकर वापरा. हे लाइनला अडकवायचं दोन-तीन औंसांचं शिसं असतं, ते सरकत खाली जाऊन ल्यूरच्या नाकावर आदळतं आणि हुक निसटतो. लाइन शक्य तितकी उभी असेल तेव्हाच ते नीट काम करतं, म्हणून होडीत असाल तर बरोबर ल्यूरच्या वर जा.

शेवटी लाइन तोडायचीच वेळ आली तर ती हाताला गुंडाळू नका, ब्रेड बोट कापते. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा, चेहरा वळवा आणि मागे चालत जा. ताणलेला ल्यूर अचानक सुटला तर थेट तुमच्याकडेच येतो.